पोर्टफोलिओ म्हणजे सजवलेली फाईल नव्हे
मॅडम, तुम्ही सांगलीत बीएड कॉलेजात शिकवायला नवीन लागलाय म्हणून सांगतो, पोर्टफोलिओ, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्यानं आपलं काम आणि त्यावरचा विचार दाखवायला लावलेले निवडक कागद, म्हटलं की पोरं आधी स्टेशनरीच्या दुकानात पळतात, चमकी काय, लॅमिनेशन काय, आणि आत सगळ्यांचं एकच वाक्य, "पाठ छान झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला". मीपण पहिली दोन वर्षं असल्याच फायलींवर सह्या ठोकल्यात. आता आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचा सराव, 20 आठवड्यांची, त्यामुळं मटेरियल ढीगभर जमतं, पण चार-पाचच कागद निवडायला लावा आणि हाच का निवडला ते लिहून घ्या. फसलेला पाठ तर हवाच. एका पोरीनं मिरजेच्या शाळेत पाचवीला अपूर्णांक शिकवायला खरी भाकरी नेली, वर्गात नुसता हशा, गणित राहिलं बाजूला. तिनं ते खाडाखोड केलेलं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, आणि पंधरा दिवसांनी त्याच घटकाचं केलेलं दुसरं टाचण शेजारी-शेजारी लावलं, खाली चारच ओळी. "प्रश्न विचारून मी उत्तराची वाटच बघत नव्हते", हे तिचं तिला सापडलं. आणि हो, लगेच मार्क टाकू नका, मार्क दिसले की पोरं खरं लिहायचं बंद करतात, आधी पेन्सिलीनं एखादा प्रश्न लिहून फाईल परत द्या.