स्वतःचं कॉकटेल बनवायचंय? आधी खोकल्याच्या औषधाचं टोपण शोधा

तुमचा प्रश्न असा : घरात अर्धी बाटली रम आणि अर्धी व्होडका पडून आहे, कोलात ओतून प्यायचा कंटाळा आलाय, स्वतःचं काही बनवायचं तर सुरुवात कुठून करू, आणि ऑनलाइन दिसतो तो बारा वस्तूंचा बार सेट घेऊ का?

सेट घेऊ नका. घरात जिमला जाणारं कुणी असेल तर त्याचा प्रोटीन शेकर चालतो (वास जाईपर्यंत धुवा, नाहीतर प्रत्येक ग्लासात व्हॅनिला). गाळायला चहाची गाळणी आहेच. खरी गरज आहे ती मापाची. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. ते टोपण गेली सहा वर्षं माझं माप आहे.

ही अक्कल मला उशिरा आली. माझं पहिलं 'स्वतःचं' कॉकटेल म्हणजे व्होडका, आंब्याचा रस, निळं सिरप, लिंबू, पुदिना आणि वर सोडा, सगळं अंदाजपंचे. निळ्यात पिवळं मिसळून जो हिरवट गढूळ रंग आला, तो बघून नवरा म्हणाला, "हे विसर्जनाच्या हौदातलं का गं?" चव त्याहून वाईट होती, पण खरी अडचण पुढे आली : काय जास्त झालं तेच कळेना. सहा वस्तू, एकीचंही माप नाही, मग दुरुस्त काय करणार?

त्यामुळे सहा वस्तूंपासून सुरुवात करू नका, तीनपासून करा. ६० मिली दारू, २५ मिली ताज्या लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे लाडवाचा एकतारी नव्हे. साखर आणि पाणी समान वजनाचं, साखर विरघळली की गॅस बंद. हा सांगाडा रमवर केला की क्यूबाची डाकिरी होते. रम काढून व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. टकीला घालून पाकाच्या जागी संत्र्याची लिक्यूर (गोड दारू) आणली की मार्गारिटा. मोठमोठ्या बारमधलीही कितीतरी 'नवीन' पेयं अशीच जन्मतात : एक वस्तू काढायची, तिच्या जागी दुसरी बसवायची, बाकी हात लावायचा नाही.

हे आपल्याला परकं आहे असंही नाही. शिवकाळात सुरत-मुंबईकडे राहून गेलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलंय की 'पंच' या पेयाचं नाव आपल्या 'पाच'वरून आलं, कारण त्यात पाच जिनसा पडतात. अरक (म्हणजे दारू), साखर, लिंबू, पाणी, मसाला अशी ती यादी सांगतात. काही भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती पटत नाही, पण यादी बघा : वरच्या तीन वस्तू तिच्यात आहेतच. उरलं पाणी आणि मसाला.

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि घरची कॉकटेल्स बहुतेक तिथेच फसतात. बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवलं की पेय नुसतं थंड होत नाही, बर्फ वितळून त्यात बरंच पाणी उतरतं. गाळून बघाल तर साधारण चौथा हिस्सा पाणीच असतं. आपल्याकडच्या बहुतेक रम-व्होडकात ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्याला हे पाणी लागतंच. शिवाय थंड जिभेला गोड कमी कळतं. म्हणून बर्फाआधी चाखून बघाल तेव्हा मिश्रण थोडं जास्त कडक आणि थोडं जास्त गोड लागायला हवं. तेव्हाच बरोबर लागलं, तर ग्लासात ते पांचट होणार. लिंबू किंवा रस असेल तर हलवायचं, नुसत्या दारू असतील तर चमच्याने ढवळायचं, सोडा नेहमी शेवटी थेट ग्लासात. शेकरमध्ये सोडा घालून हलवू नका, झाकण उडतं. आणि हो, फ्रीजरमध्ये सुरमई असेल तर बर्फ झाकून ठेवा. बर्फ वास धरतो. मी बांगड्याच्या वासाची डाकिरी प्यायले आहे.

आता तुमची रम. रम बनते मळीपासून, म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर जे काळं दाट उरतं त्यापासून. आणि आपल्या गुऱ्हाळातून काय येतं? काकवी. एकाच उसाची ही दोन लेकरं, एकमेकांना लगेच ओळखतात. पाकाच्या जागी १५ मिली काकवी घ्या, ती दाट असते म्हणून १० मिली गरम पाण्यात आधी विरघळवा, मग ६० मिली रम, २० मिली लिंबू, चिमूटभर सुंठ. बर्फ, हलवा, गाळा. गडद रमला ही काकवी जी खोली देते ती पांढरी साखर देऊच शकत नाही. काकवी नसेल तर कोल्हापुरी गुळाचा पाक, पण तो फडक्यातून गाळून. यात लिंबू कमी का, तर काकवीला स्वतःची जराशी आंबूस-खारट चव असते. बदल एकच केला, तरी बाकी मापांना थोडं सरकावं लागतं.

मी मूळची वेंगुर्ल्याची, आत्या गोव्यात पेडण्याला, त्यामुळे माझ्याकडे रमपेक्षा फेणी जास्त असते. (गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आमच्या बाजूचे बोंडू कितीही रसाळ असले तरी हे नाव त्यांना नाही.) फेणीत लिंबाऐवजी कोकम घालायची कल्पना सोपी वाटली, पण तिने मला चार वेळा पाडलं. लिंबाचा आंबटपणा जिभेवर लगेच आपटतो, कोकमाचा मागाहून येतो, त्यामुळे 'कमी आहे' म्हणून आपण ओतत राहतो. शिवाय आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, मीठ असतं. २५ मिली आगळ घातलं तेव्हा सोलकढीत कुणी दारू सांडल्यासारखं झालं होतं. आता जमलंय ते असं : ४५ मिली फेणी, १० मिली आगळ, १० मिली लिंबू, २० मिली पाक, वर सोडा, एक उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची माझी नव्हे, आत्याची. उन्हाळ्यात हुर्राकात (बोंडूच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूत) लिंबू, मीठ आणि मिरची घालतात तिथून उचललेली. तुमच्याकडे बाजारातलं अमृत कोकम असेल तर त्यात साखर आधीच आहे, पाक वगळा आणि लिंबू वाढवा. फेणीची सवय नसेल तर निम्मी फेणी, निम्मी व्होडका. वासाने लोक पळतात, हे मला मान्य आहे.

मसाल्यात एकच इशारा. बाटलीत दालचिनी, वेलची टाकून मुरवायला छान वाटतं, पण लवंग दोनच, आणि रात्रभरच. मी सहा लवंगा तीन दिवस ठेवल्या आणि ती व्होडका दातांच्या दवाखान्यासारखी लागली. त्यात आश्चर्य नाही, दातदुखीवर लवंगेचंच तेल लावतात. बाटली शेवटी ओतून दिली. तेव्हापासून अर्ध्या वाटीत करून बघते, दर चार तासांनी चमचाभर चाखते. वही ठेवा. माप, तारीख, कसं लागलं. 'आत्याला आवडलं' हीसुद्धा नोंद कामाची असते.

नवी बाटली आणणार असाल तर महाराष्ट्रात रम-व्होडकासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, दुकानात तो काढून मिळतो. घरी दारूत मसाला मुरवा, पण भट्टी लावून दारू गाळायच्या भानगडीत पडू नका. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे.

राहिली व्होडका. तिला स्वतःची चव फारशी नाही, म्हणून तिला असं काही द्या ज्यात आंबट, गोड आणि मसाला आधीच जमलेला आहे. कैरीचं पन्हं. उकडलेल्या कैरीचं, गुळाचं, वेलची आणि मीठ घातलेलं, जरा दाटच ठेवलेलं. ५० मिली व्होडकाला ९० मिली पन्हं, भरपूर बर्फ, हलवून न गाळता. घरात न पिणारे असतील तर त्यांना त्याच पन्ह्यात सोडा घालून द्या, ग्लास सारखेच दिसतात. केशर मात्र व्होडकावाल्या ग्लासात घालू नका, फुकट जातं.