फक्त गोळ्यांवर भागवावे की जखम उघडून घ्यावी?

आपल्या पत्राचा गोषवारा असा: चार दिवसांपूर्वी दुसऱ्या कुत्र्याने आपल्या कुत्रीच्या मांडीला कडकडून चावा घेतला, जखम चिघळली, ताप १०४ अंशांवर गेला आणि पशुवैद्यांनी भूल देऊन जखम उघडणे, आतून धुणे, निचऱ्यासाठी नळी बसवणे, कल्चर तपासणी (जखमेतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध लागू पडेल ते पाहणे) आणि प्रतिजैविके असा उपचार सुचवला. त्याला घरच्या सुमारे दीड महिन्याच्या खर्चाइतके पैसे लागतील. आपत्कालीन निधी सहा महिन्यांचा आहे. तूर्त प्रतिजैविकांच्या गोळ्यांवर भागवून बाकीचे पुढच्या पगारापर्यंत लांबवावे का, असे आपण विचारता.

लांबवू नये. हिशेबानेही हेच उत्तर निघते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात कातडीवर दोनच भोके दिसतात, पेन्सिलीच्या टोकाएवढी. चाव्याची जखम अशीच फसवते. सुळे रुतवून चावणारा कुत्रा मान झटकतो तेव्हा सैल कातडी दातांबरोबर सरकते, पण खालचा स्नायू चिरडतो, फाटतो. त्या रक्तपुरवठा तुटलेल्या मांसात पाश्चुरेला, स्टॅफिलोकोकस आणि प्राणवायूविना वाढणारे जंतू फोफावतात. गोळीतले औषध रक्तावाटेच जखमेपर्यंत जाते, त्यामुळे मेलेल्या मांसात आणि पुवाच्या पोकळीत ते पुरेसे पोहोचत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट अशा जखमांसाठी बहुधा आधी निवडले जाते आणि ते चांगले औषध आहे. परंतु आत पू तसाच राहिला तर ताप काही दिवस उतरून पुन्हा चढू शकतो, आणि मग गोळ्यांचे पैसे जाऊन तीच शस्त्रक्रिया, अधिक मोठी, सलाइन आणि रुग्णालयातल्या मुक्कामासह करावी लागते. संसर्ग रक्तात पसरला तर जिवावरच बेतते.

कल्चर तपासणी आपल्याला वगळण्याजोगी वाटते; मी ती वगळणार नाही. अहवालाला काही दिवस लागतात आणि तोवर डॉक्टर अनुभवाने औषध देतात, पण ते लागू पडले नाही तर पुढचे कोणते द्यावे हे त्या अहवालावरूनच ठरते. बचत करायची तर ती अन्यत्र करावी: टप्प्यांनुसार लेखी अंदाजपत्रक मागावे, मुक्कामाऐवजी रोज ड्रेसिंगला नेले तर चालेल का हे विचारावे, आणि त्याच घटकाचे स्वस्त औषध लिहून मिळते का ते पाहावे. घरातली माणसांची वेदनाशामके मात्र देऊ नयेत. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरते. रेबीजच्या लसीचे काय, हेही याच भेटीत विचारून घ्यावे.

पैसे आपत्कालीन निधीतूनच काढावेत. साडेचार महिन्यांचा निधी उरतो, तो आपल्या स्थिर नोकरीला पुरेसा आहे. क्रेडिट कार्डावर हा खर्च टाकून दरमहा किमान रक्कम भरत राहणे सर्वांत महाग पडेल. मुदत ठेव मोडण्याची गरज नाही. पुढे लागलीच तर ठेवीवरचे कर्ज कार्डापेक्षा सामान्यतः स्वस्त असते. आता घेतलेला पाळीव प्राण्यांचा विमा या जखमेला लागू होणार नाही, त्यामुळे त्याचा विचार ती बरी झाल्यावर करावा.

एक कठीण गोष्ट आजच, भूल देण्यापूर्वी ठरवून घ्या: खर्च तीन महिन्यांच्या रकमेपलीकडे जाऊ लागला तर डॉक्टरांनी पुढे जाण्याआधी आपल्याला फोन करावा. तिला घेऊन बाहेर बसलेले असताना हा आकडा ठरवणे कोणालाच जमत नाही. निधी भरून काढण्यासाठी नवी मासिक गुंतवणूक सहा महिने अर्धी करावी.