सासूबाई येतायत म्हणून गोळी बंद?

अगं, तुझ्या पत्रात चार प्रश्न आहेत पण माझा जीव एकाच ओळीत अडकलाय. तू लिहितेस, "ह्यांना डिप्रेशनसाठी सर्ट्रालिनची गोळी सुरू होऊन तीन महिने झाले, आता झोप लागते, मुलांशी खेळतात, तर सासूबाई सांगलीहून मेलबर्नला यायच्या आधी बंद केली तर चालेल ना? त्या म्हणतात सवय लागते."

नाही चालणार. डिप्रेशनमध्ये बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, मध्येच सोडली की आजार उलटायची भीती असते. इतके महिने एकटीने निभावलंस, आणि आता चार लोक काय म्हणतील म्हणून हे?

सासूबाईंची भीती खोटी नाही हं. आपल्याकडे मनाची गोळी म्हटलं की झोपेची गोळीच आठवते, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, आणि त्यांची खरंच सवय लागते. सर्ट्रालिनची तशी तलफ येत नाही, पण शरीर सरावलेलं असतं म्हणून एकदम सोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. माझ्या पुण्याच्या काकूने हेच केलं, गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरणार म्हणून गुपचूप बंद केली आणि ऐन सणात आडवी झाली, वर सगळे म्हणाले बघा, लागली ना सवय! डॉक्टरांनी परत सुरू केली, नीट बरी झाल्यावर काही महिन्यांत हळूहळू कमी केली, आज काकू गोळीशिवाय मजेत आहे.

तेव्हा दोघं मिळून जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा, कधी आणि कशी कमी करायची ते तिथे ठरू दे. डबा लपवूही नकोस, लपवलेली गोळी हमखास चुकते. आईला नवऱ्यानेच सांगावं, तुझ्यावर ढकलू नये. आणि "नॅचरल आहे" म्हणून कुणी सेंट जॉन्स वॉर्ट हे उदासीवरचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं तर सर्ट्रालिनबरोबर अजिबात नको, शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढून थरथर, ताप, गोंधळ अशी वेळ येते की हॉस्पिटल गाठावं लागतं. कधी जगणं नको असं बोलले तर थांबू नकोस, लाइफलाइन या तिथल्या हेल्पलाइनचा नंबर 13 11 14, आणि जीवाला धोका वाटला तर सरळ इमर्जन्सीचा 000.

आता बाकीचे तीन प्रश्न. वजन वाढलंय ते त्याच जीपीला विचार. मुलीला मराठी शाळेत घाल, रडली तरी घाल. नणंदेच्या लग्नाच्या आहेराचं तुम्ही दोघं ठरवा, त्यात मी पडत नाही.