सी-६ आणि बसल्यावर लागणारा दम

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला सी-६ची, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूची दुखापत आहे, आडवा असताना तो ठीक असतो, पण व्हीलचेअरवर बसवलं की एक वाक्य पुरं करताना दम लागतो. पोट पुढे आलंय म्हणून घरचे जेवण कमी करायला सांगताहेत. मीही सी-६चाच, बरीच वर्षं खुर्चीवर आहे.

जेवण तोडू नका. एका वेळी तुडुंब नको, इतकंच. ते पोट चरबीचं असेलच असं नाही. पोटाच्या स्नायूंना साधारण टी-६ ते टी-१२च्या, म्हणजे छातीच्या पातळीवरून निघणाऱ्या नसा चालवतात आणि त्या सगळ्या दुखापतीच्या खाली आल्या. पुढची भिंतच सैल पडल्यावर बसताना आतडी पुढे-खाली सरकतात. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोटामधला, खाली सरकून श्वास आत ओढणारा स्नायू; त्याची नस मानेतल्या सी-३ ते सी-५मधून निघते, म्हणून ते वाचलंय. पण आधार गेल्यामुळे तेही खाली सपाट होऊन बसतं, आणि आधीच खाली असलेलं श्वासपटल आणखी किती खाली जाणार? आडवं झाल्यावर आतडी त्याला पुन्हा वर ढकलतात. धडधाकट माणसाचं याच्या उलट असतं, म्हणून दम लागलेल्याला उठवून बसवायची सवय आमच्यासारख्यांच्या बाबतीत सोडावी लागते.

यावर पोटाचा पट्टा बऱ्याच जणांना लागू पडतो. आडवा असतानाच बांधा. खालची कड कमरेच्या हाडांवर आणि वरची बरगड्यांच्या खाली हवी. वर सरकून बरगड्या आवळल्या गेल्या तर उलट त्रास होतो. बसल्यावर बीपी पडत असेल तर तिथेही मदत होते. काढल्यावर त्वचा रोज बघा, त्याला टोचलेलं कळणार नाही. अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्यावर घाम आला तर ती बीपी एकदम चढल्याची खूण असू शकते: पट्टा लगेच सोडा, त्याला ताठ बसवा, लघवीची नळी तुंबलीय का ते पाहा आणि बीपी मोजा. वाढलेलं बीपी उतरलं नाही तर थेट इमर्जन्सी.

मला मात्र दमापेक्षा त्याच्या खोकल्याची काळजी वाटते, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. शांतपणे श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत, फुप्फुसं आपोआप आकसतात. खोकायला पोटाचा जोर लागतो आणि तोच गेलाय. साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो तो इथेच. फिजिओला खोकल्याचा पीक फ्लो, म्हणजे खोकताना हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडते ते, मोजायला सांगा. बरा असताना मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर आजारपणात तो आणखी घसरतो, म्हणून हाताने खोकला काढून द्यायला आताच शिका: बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली तळवे ठेवून त्याच्या खोकल्याबरोबरच आत-वर झटका. व्हिडिओ बघून नको, फिजिओसमोर. बरगडी मोडलेली असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा पोटातल्या मोठ्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या अडवणारी गाळणी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तेवढ्याने भागत नसेल तर कफ ओढून काढणारं खोकल्याचं यंत्र असतं, त्याचीही चौकशी करा.

दुखापत पूर्ण असेल, म्हणजे तिच्या खाली हालचाल-संवेदना उरलेली नसेल, तर पोटाचे व्यायाम करून ते स्नायू परत येणार नाहीत, कोणी काहीही विको. छातीच्या मोठ्या स्नायूचा गळपट्टीच्या हाडाजवळचा भाग मात्र सी-६मध्ये बराचसा शाबूत असतो. खोकताना आम्ही त्याच्यावरच भिस्त ठेवतो, तो कमवायला हवा.

सकाळी डोकं जड असतं का, रात्री घोरतो का, हेही कळवा. तसं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी पट्ट्याच्याही आधी करून घ्या.