शुगर नाही, क्रिएटिनिन नॉर्मल, तरी लघवीत अल्ब्युमिन का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५४ वर्षांचे, यावलकडे केळीची शेती. शुगर उपाशीपोटी १०८, बीपी १३८/८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, कंबर १०२ सेंटिमीटर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४२. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते सांगणारा आकडा) नॉर्मल, पण लघवीचा एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण) ६८. डॉक्टरांनी किडनीऐवजी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ (पोटावरची चरबी, बीपी, शुगर वगैरे एकत्र बिघडणं) लिहिलं, म्हणून तुम्ही गोंधळलात.

मी भुसावळला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय असं मला वाटतं. आपल्याकडे लघवीच्या रिपोर्टवर काही निघालं की घरचे थेट मुतखड्यावर जातात. इथे त्याचा संबंध दिसत नाही.

अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि त्याने रक्तातच राहायचं असतं. प्रत्येक किडनीत बारीक रक्तवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुंते असतात, तिथे रक्त गाळलं जातं. पोटावरची चरबी वाढली, इन्सुलिनला शरीर दाद देईना, बीपी चढलं, की दोन गोष्टी होतात. या गुंत्यांतला दाब वाढतो आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मग थोडं अल्ब्युमिन निसटतं. हेच अस्तर हृदयात, मेंदूत, डोळ्यांतही आहे. फक्त तिथली गळती बाटलीत धरून मोजता येत नाही, लघवीतली येते. म्हणून हा आकडा किडनीपुरता नसतो. ज्यांचा तो वाढलेला, त्यांच्यात हार्ट अटॅक आणि लकव्याचं प्रमाणही जास्त दिसतं, शुगर नसली तरी.

सिंड्रोमचे निकष पाच: कंबर (आपल्या लोकांत पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरपासून), ट्रायग्लिसराइड १५० पासून, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ पासून, उपाशी शुगर १०० पासून. पाचांतले तीन पुरेत. वडिलांचे चार भरतात, एचडीएल तेवढं वाचलंय, तेही काठावर. जितके निकष जास्त, तितकं लघवीत अल्ब्युमिन सापडण्याचं प्रमाण जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली तर अल्ब्युमिनलाच व्याख्येत घेतलं होतं. २००१ च्या अमेरिकन निकषांत ते नव्हतं आणि आज तेच निकष थोड्याफार बदलांनी चालतात. म्हणून छापील यादीत तुम्हाला ते सापडलं नसेल.

आता ६८ चं. ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढ, त्यापुढे जास्त (एकक मिलिग्रॅम प्रति ग्रॅम). साध्या लघवीच्या तपासणीतली पट्टी एवढं थोडं अल्ब्युमिन बहुतेक वेळा पकडतच नाही, त्यामुळे मागच्या वर्षीचा ‘निल’ फार मनावर घेऊ नका. आणि वैशाखात आपल्याकडे लघवी किती दाट होते ते सांगायला नको. त्यासाठीच अल्ब्युमिन नुसतं न मोजता लघवीतल्या क्रिएटिनिनशी भागून बघतात.

तरी एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशी घडवाहणीसारखं अंगमेहनतीचं काम, यानेही आकडा तात्पुरता चढतो. तीनेक महिन्यांत पुन्हा तपासा, सकाळची पहिली लघवी द्या. तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर ते खरं धरतात.

वजन आणि बीपी उतरलं की हा आकडा बऱ्याच जणांत खाली येतो, या टप्प्यावर तो मागे फिरू शकतो. मिठाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करा: भाजीतलं मीठ सगळे मोजतात, पापड, लोणचं, शेव आणि ठेचा कुणी मोजत नाही. केळी बंद करायची का, असं विचारलंय. क्रिएटिनिन नॉर्मल आहे तोवर केळ्यातल्या पोटॅशियमच्या भीतीने सोडायची सहसा गरज नसते. पण बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी सुरू झाली (अल्ब्युमिन असलं की डॉक्टर बहुधा याच गटातली निवडतात) तर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. आणि कंबरदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी ते सांगा, कारण यातल्या बऱ्याच किडनीला त्रास देतात आणि बीपीही वाढवतात.