नोकरी सोडू का? आधी पगाराची स्लिप नीट वाचू या

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय 41. रोज 10 ते 2 अर्धवेळ ऑफिस, पगार 17,500, हातात 15,688. दुपारनंतर अनुवाद आणि लेखनाची कामं, त्याचे गेल्या बारा महिन्यांत 2,64,000 मिळाले. गच्चीवर साठ कुंड्या आणि वीस क्रेट, त्यातली भाजी आणि रोपं विकतात. पतीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, मुलगा नववीत. नोकरी सोडून फक्त लेखन आणि बाग करावी का, आणि 1,80,000 च्या एफडीतले 1,40,000 शेडनेट-ठिबकसाठी काढावेत का, असं त्या विचारतात.

ताई, उत्तर आधी सांगतो. नोकरी अजून 22 महिने सोडू नका. आणि एफडीला हात लावू नका.

लेखनाचे महिन्याला सरासरी 22,000 पडतात, नोकरीचे 15,688, मग नोकरी कशाला, असा तुमचा हिशेब. मी तुमचे बारा आकडे एकाखाली एक मांडले. सगळ्यात चांगला महिना 46,000 चा, सगळ्यात वाईट 4,500 चा, आणि चार महिने 15,000 च्याही खाली. दुकानाचं उत्पन्नही कमीजास्त. म्हणजे ठरलेल्या तारखेला तुमच्या घरात येणारी रक्कम एकच, आणि ती तुमची. घरखर्च 38,000 आहे. दुकान आणि लेखन एकाच महिन्यात मंदावलं तर?

हे मी अनुभवाने सांगतोय. नोकरी सोडून मी स्वतःचा व्यवसाय सुरू केला त्या वर्षी एका कंपनीने माझी फी सात महिने अडकवली. मुलीच्या शाळेची फी भरायची होती. पत्नीचा शिक्षिकेचा पगार दर महिन्याला येत होता म्हणून आम्ही तरलो.

आता तुमची पगाराची स्लिप. मूळ पगार 14,000, त्यावर 12 टक्के म्हणजे 1,680 तुमचे पीएफला जातात. तेवढेच मालक भरतो, ते तुम्ही हिशेबात धरलेलेच नाहीत. मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो. तुमची नोकरी 8 वर्षं 2 महिने झालीय. दहा वर्षं पूर्ण झाली की वयाच्या 58 पासून पेन्शनचा हक्क मिळतो. आजच्या मूळ पगारावर ती महिन्याला सुमारे 2,000 बसते. रक्कम लहान आहे, पण जन्मभराची आहे. आत्ता सोडलंत तर झालेल्या वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन ती पुढच्या नोकरीला जोडता येतात, पण पुढे नोकरी करायचीच नाही असं तुम्ही म्हणता. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो ती एकरकमी रक्कम, तीही थांबलात तर वाढते. आज मिळेल ती साधारण 64,600, दहा वर्षांनी 80,700 च्या वर.

ईएसआयचे, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कामगार विम्याचे, 132 रुपये फुकट जातात असं तुम्ही लिहिलंय. हे मात्र मला अजिबात पटलं नाही. त्या 132 रुपयांत पतीच्या आणि मुलाच्या उपचारांची सोय आहे, आणि पतींना मधुमेह आहे. नोकरी गेली की ही सोयही जाईल. खासगी आरोग्य विमा घेतलात तर आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते. म्हणून पॉलिसी याच महिन्यात घ्या, मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. थांबण्याचा बराचसा काळ ईएसआयच्या आधाराने निघून जाईल.

लेखनात मला काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. 2,64,000 पैकी 1,58,000 एकाच एजन्सीकडून आलेत आणि ती पैसे द्यायला अडीच महिने लावते. सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची नोंदणी, करून घ्या, ती मोफत आहे. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे कायद्याने 45 दिवसांत चुकते करावे लागतात. लगेच भांडायला जाऊ नका, नुसता क्रमांक दिसला तरी पुष्कळदा फरक पडतो. आणि त्याच एजन्सीने 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापलाय, 15,800 रुपये. ‘कर बसत नाही म्हणून रिटर्न भरलं नाही’ असं तुम्ही लिहिता. अहो, कर बसत नाही म्हणूनच हे पैसे परत मिळतील, पण त्यासाठी रिटर्न भरावंच लागेल.

आता बाग. तुमच्या पत्रातला एक भाग मी दोनदा वाचला. पहाटे पावणेसहाला शेपू आणि मेथीच्या जुड्या बांधायच्या, सोसायटीत पोचवायच्या, आणि दहा वाजता ऑफिसात कीबोर्डवर बोटं ठेवली की नखात अजून माती. रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडांवर तुम्ही ही बाग उभी केलीत. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण आकडे बघा. वर्षाची विक्री 41,000, कोकोपीट, शेणखत, बी-पिशव्यांचा खर्च 17,500. उरले 23,500, आणि महिन्याला साठ तास गेले. तासाला 33 रुपयेसुद्धा पडत नाहीत. लेखनात महिन्याला सत्तर तास, म्हणजे तासाला तीनशेच्या वर. पण 41,000 पैकी 27,000 रोपांचे आहेत, आणि कढीपत्ता, गवती चहा, मिरचीच्या रोपांना पहाटे उठून जुड्या बांधाव्या लागत नाहीत. पालेभाजी घरापुरती ठेवा, विक्रीला फक्त रोपं. सकाळचा जो तास सुटेल तो नवे ग्राहक शोधायला द्या. रोपांवर बांबूला हिरवी जाळी बांधली की सध्या पुरे. सहा महिन्यांचा घरखर्च 2,28,000 होतो, एफडी त्यालाच कमी पडतेय.

लेखनाचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या आणि त्यातून दर महिन्याला घराला ठरावीक 15,000 द्या. उरतील त्यातून आधी एफडी 2,28,000 पर्यंत न्या. 22 महिन्यांनी ती भरलेली असेल आणि कोणत्याही एका ग्राहकाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आत आला असेल, तर राजीनामा खुशाल लिहा. मसुदा मी बघून देईन.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या बागेच्या वहीत जुलै-ऑगस्टची पानं कोरी आहेत. पावसाने सगळं कुजलं म्हणून, की लिहायचं राहून गेलं? रोपांना खरी मागणी तर तेव्हाच असते. त्या दोन महिन्यांत विक्री झाली असेल तर आकडे कळवा, बागेचा हिशेब मी पुन्हा करतो.