मुलगी खडपावर गोगलगायी मोजते, तिला नीटला कसं बसवू?

राजापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने नीट दोनदा दिली, आधी ३१० आणि मग ३४२ मार्क, तिसऱ्या वर्षासाठी लातूरच्या क्लासची फी भरून झालीय पण ती जायलाच तयार नाही. तिला किनाऱ्यावरच्या जिवांवर रेडिएशनचा काय परिणाम होतो ते शिकायचंय. "हे खूळ डोक्यातून कसं काढू?" असं विचारलंय.

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की गेले दोन महिने ती धड जेवत नाही, दार लावून बसते, आणि लगेच पुढच्या वाक्यात फीचा आकडा. मी तिथेच थांबले. मार्कांचं नंतर बघू हो, आधी पोरीकडे बघा. आज रात्री जवळ बसून फक्त विचारा की झोप लागते का, नीटचा विषय न काढता, आणि उत्तर ऐकून काळजी वाटली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा नाहीतर जवळच्या डॉक्टरांना भेटा. फी परत मागून बघा, नाही मिळाली तर सोडून द्या, त्या पैशांसाठी तिचं तिसरं वर्ष घालवू नका.

आता ती वही. अभ्यासाच्या वेळात काय उद्योग करते ते दाखवायला तुम्ही फोटो पाठवलात. काठ्यांची चौकट खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर टाकायची, आतल्या गोगलगायी आणि कालवं मोजायची, तारीख लिहायची, असं तिने सलग चौदा महिने केलंय. जपानमध्ये २०११ ला त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइची या अणुऊर्जा प्रकल्पाची दुर्घटना झाली, त्यानंतर तोशिहिरो होरिगुची या तिथल्या संशोधकाच्या टीमने किनाऱ्यावर हेच काम केलं. २०१२ मध्ये हिरोनो ते फुताबा अशा जवळपास ३० किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांना रॉक शेल नावाची गोगलगाय एकही सापडली नाही, आणि त्सुनामी बसलेल्या बाकीच्या बऱ्याच ठिकाणी मात्र सापडली, म्हणजे नुसत्या लाटेवर खापर फोडता येईना. २०१३ ला प्रकल्पाजवळ आणि त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरपर्यंत प्रजाती आणि संख्या दोन्ही बरीच कमी भरली, १९९५ पेक्षासुद्धा. ही तुलना करता आली कारण १९९५ ला कुणीतरी तिथे मोजून ठेवलं होतं! तुमच्या तालुक्यात जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्प ठरलाय, तो होईल न होईल, पण त्याआधी त्या किनाऱ्यावर काय होतं हे लिहून ठेवणारं माणूस लागतंच आणि ते तुमच्या घरात आहे. तिला एवढंच सांगा की वहीच्या कडेला फुकुशिमाच्या गोगलगायींबद्दल "रेडिएशनने मेल्या" लिहिलंय ते घाईचं आहे. होरिगुचींच्या टीमनेही नेमकं कारण स्पष्ट नाही असंच लिहिलं, आणि हिला खरं शिकायचंय ते तिथेच आहे.

"रेडिएशनचं काम म्हणजे शरीराचं वाटोळं, उद्या लग्नाला कोण विचारणार" हे तुमचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही, आणि ते चुकीचंही आहे. या अभ्यासातला मोठा वेळ ओहोटीला खडपावर आणि नंतर कॉम्प्युटरवर जातो, नमुन्यातलं सिझियम हे किरणोत्सारी द्रव्य लॅबमधल्या डिटेक्टरवर मोजतात आणि ते प्रमाण बहुतेक वेळा इतकं कमी असतं की एकेक नमुना तासन्‌तास लावून ठेवावा लागतो. जिथे धोका असतो तिथे डोस मोजणारा बॅज असतो, मर्यादा ठरलेल्या असतात. अँजिओप्लास्टी करणारा डॉक्टर रोज शिशाचा एप्रन घालून एक्स-रेजवळ उभा असतो, त्या डॉक्टरकीची तर तुम्हाला भीती वाटली नाही.

रस्ते नेहमीचेच आहेत: सीईटी देऊन रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नाहीतर झूलॉजीत बीएस्सी, पुढे मुंबईचं सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था किंवा गोव्याचं एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था. रेडिएशन हा विषय एमएस्सीनंतर निवडला तरी चालतो, तोवर स्टॅटिस्टिक्स पक्कं करायला सांगा, या कामात माणसं तिथेच अडतात.

येत्या अमावास्येला उधाणाची ओहोटी असेल तेव्हा तिच्याबरोबर खडपावर जा, चौकट तुम्ही धरा आणि तिला मोजू द्या. आणि वहीला एक प्लास्टिकची पिशवी घेऊन द्या, फोटोत मागच्या जूनच्या पानावरची शाई पसरलेली दिसतेय.